सरांनी गणितच शिकवावं!

गेल्या महिन्यात एका पालकांची चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आली. वहीचं पान, नीट अक्षर, मोजून चार ओळी. सर गणित चांगलं शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी गणितच शिकवावं. आमच्या घरच्या श्रद्धांमध्ये पडू नये. मुलं शाळेत संस्कार घ्यायला येतात, शंका घ्यायला नाही. मुख्याध्यापकांनी ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जरा सांभाळून घ्या, सर."

त्या पालकांना मी भेटलो. आम्ही चहा घेतला, बोललो. माणूस सरळ आहे आणि मुलावर त्यांचा जीव आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या चार ओळी एका घरापुरत्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत त्या मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता त्यांना जाहीर उत्तर देणं मला माझं कर्तव्य वाटतं.

मी मुळात शिक्षक नव्हतो. सतरा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. चाळिशीत बी.एड. केलं आणि भोंग्याच्या जागी शाळेची घंटा आली. पगार निम्म्याहून खाली आला, घरात त्यावर पुष्कळ बोलणं झालं, आणि तरीही त्या निर्णयाचा मला आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. त्या कारखान्यातली एक गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. खंडेनवमीला आम्ही प्रत्येक मशीन धुऊनपुसून घ्यायचो. लेथला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. मीही हात जोडून उभा असायचो. दोन दिवसांनी त्याच लेथवरचा शाफ्ट माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो मायक्रोमीटरमध्ये धरायचो. व्यास मापात असेल तर पास, दोन शतांश मिलिमीटरने हुकला तर बाद. मशीनची पूजा झाली आहे, म्हणून हा शाफ्ट पास करा, असं सतरा वर्षांत एकाही कामगाराने मला म्हटलं नाही. त्यांच्यात माळकरी होते, नवस बोलणारे होते, रोजा ठेवून दुसरी पाळी करणारेही होते. श्रद्धा आपल्या जागी होती आणि माप आपल्या जागी. त्या मापावर कुणाच्या तरी गाडीचा ब्रेक अवलंबून आहे, हे सगळ्यांना कळत होतं.

धर्मनिरपेक्ष विचार म्हणजे मला एवढंच म्हणायचं आहे. हाराला मी हात लावत नाही. पण शाफ्ट पास की बाद हे हार ठरवणार नाही.

आता ज्या तासावरून चिठ्ठी आली, तो तास. दहावीच्या सराव परीक्षेत एका मुलाने उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी दिली. मुलगा हुशार आहे, वर्गसमीकरणं तोंडी सोडवतो. बाजूला घेऊन विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, "सर, मला साडेसाती लागलीय. घरी सांगितलंय, यंदा गणित जाणारच."

त्याच्याशी मी शनीवर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी संभाव्यतेचा धडा होता. कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहिलं: राशी बारा. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. साडेसाती तीन राशींना मानतात: शनी ज्या राशीत आहे ती, तिच्या आधीची आणि तिच्या नंतरची. वर्गाला म्हटलं, नमुना अवकाश लिहा, घटना लिहा, संभाव्यता काढा. दोन मिनिटांत उत्तर आलं: १२ पैकी ३, म्हणजे एक चतुर्थांश. वर्गात मुलं ४८. म्हणजे सुमारे १२ जणांना आत्ता साडेसाती चालू असणार. एक मुलगी म्हणाली, "सर, मग पहिल्या दहात येणाऱ्यांतही कुणीतरी असेल." आणि तो मुलगा, जो आठवडाभर वर बघत नव्हता, बाकं मोजू लागला. एका बाकावर दोघं बसतात. त्याने विचारलं, "म्हणजे दर दोन बाकांमागे एक?" मी म्हटलं, "सरासरीने, हो." त्याने मागे वळून सगळ्या वर्गाकडे पाहिलं. आपण एकटेच शापित नाही, हे पहिल्यांदा कळलेल्या मुलाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला.

त्या संध्याकाळी चिठ्ठी लिहिली गेली. आता तिच्यातले मुद्दे एकेक घेतो.

पहिला मुद्दा: गणिताच्या शिक्षकाने गणितच शिकवावं. माझं उत्तर असं की मी गणितच शिकवत होतो. नमुना अवकाश, घटना, संभाव्यता हे तिन्ही शब्द मंडळाच्या पाठ्यपुस्तकातले आहेत. फासे, पत्ते आणि नाणी यांच्यावर चालणारी रीत माणसाच्या भीतीपाशी येऊन थांबते, असं त्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. भूमितीत आपण मुलांना पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहायला लावतो. काय दिलं आहे, काय दाखवायचं आहे, आणि ते कशावरून. "आकृतीत तसं दिसतं" एवढं लिहिलं तर आपण गुण कापतो. "सरांनी सांगितलं म्हणून" असं लिहिलं तर शून्य देतो. मग हीच शिस्त तास संपल्यावर कंपासपेटीत बंद करून ठेवा, असं मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

ही रीत ज्योतिषाला लावून पाहण्याचं काम याच महाराष्ट्रात झालेलं आहे. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कुणाची ते सांगा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांच्या यशाची सरासरी ५० टक्क्यांच्याही खाली राहिली. नाणं उडवून ४० उत्तरं लिहिली, तरी सरासरी २० बरोबर येतात. या चाचणीत कुणाचा अपमान झाला नाही, कुणावर चिखलफेक झाली नाही. एक दावा होता, तो मोजला गेला. याला गणित म्हणायचं नसेल, तर मग गणित कशाला म्हणायचं?

आणि गणिताचा मास्तर फळ्यापुरता असतो, ही समजूत महाराष्ट्राच्या इतिहासाला धरून नाही. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले आणि १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचं काम की नोकरी, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवलं. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आयुष्यभर उघडपणे बुद्धिवादी राहिले. हे तिघंही गणित शिकवणारे. सिद्धता मागायची सवय लागलेल्या माणसाला रूढीसमोर गप्प बसणं जमत नाही, असंच हा इतिहास सांगतो.

दुसरा मुद्दा चिठ्ठीत नव्हता, पण चहा घेताना निघाला. शंका घेणं हे पाश्चात्त्य आहे, आपल्या परंपरेत विश्वास आहे, असं ते म्हणाले. इथे मला मनापासून वाईट वाटतं, कारण असं म्हणणारा माणूस आपल्या परंपरेतली सगळ्यात मोलाची गोष्ट स्वतःच्या हाताने टाकून देतो.

चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. हा लेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. म्हणजे गणिताची एक शाळा आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी होती. तिथे शिकवलं जाणारं काय होतं? ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्य पृथ्वीला कुणीतरी खालून धरलं आहे, या कल्पनेचा समाचार घेतात. धरणाऱ्याला कुणी धरलं? त्याला कुणी? हे कुठेतरी थांबवायचंच असेल, तर पृथ्वीच आपल्या शक्तीने अवकाशात स्थिर आहे, असं पहिल्याच पायरीवर का मानू नये? हा युक्तिवाद आमच्या नववीच्या मुलांना एका तासात कळतो आणि आवडतोही. पुराणात काय सांगितलं आहे, हे भास्कराचार्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी उपपत्ती मागितली.

त्यांच्याही आधी, ४९९ मध्ये, आर्यभटाने ग्रहणं सावल्यांमुळे होतात, हे स्पष्ट सांगितलं होतं. पुढे ब्रह्मगुप्ताने, म्हणजे ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडणाऱ्या त्या थोर गणितीने, राहूच्या परंपरेची बाजू घेऊन आर्यभटाला दोष दिला. ग्रहणाचं गणित मात्र तो सावलीवरूनच करत राहिला. हा भाग मी मुलांना मुद्दाम सांगतो. बुद्धी कितीही मोठी असली, तरी लोक काय म्हणतील याचा दाब केवढा असतो, हे त्यांना कळावं म्हणून. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त दोघंही आपले आहेत. त्यांच्यातला वादही आपलाच आहे. परंपरा म्हणजे एकमुखी होकार असता, तर भारतीय गणिताचा एवढा मोठा इतिहास उभाच राहिला नसता.

'वैदिक गणिता'बद्दलही हेच. एका मुलाने ९७ गुणिले ९६ चुटकीसरशी करून दाखवलं. शंभरातून तीन आणि चार कमी. ९७ मधून ४ गेले, ९३. तीन चोक बारा. उत्तर ९३१२. म्हणाला, "सर, हे वेदात आहे." मी त्याला शाबासकी दिली आणि विचारलं, "हे का जमतं?" मग सगळ्या वर्गाने मिळून १०० वजा अ आणि १०० वजा ब यांचा गुणाकार मांडला, कंस सोडवले, आणि ती युक्ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाली. नंतर मी सांगितलं की ज्या पुस्तकातून ही सूत्रं पसरली, ते पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं आहे. ते १९६५ मध्ये त्यांच्या निधनानंतर छापलं गेलं, आणि त्यातली सोळा सूत्रं वेदांच्या कोणत्याही ज्ञात पाठात सापडत नाहीत. गणितज्ञ श्री. गो. दाणी यांनी हे सविस्तर दाखवलेलं आहे. मुलगा हिरमुसला नाही. त्याला आता युक्तीही येत होती आणि तिचं कारणही. युक्तीला वेदाचा शिक्का लागत नाही. तिला सिद्धता लागते, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती.

तिसरा मुद्दा संस्कारांचा. देवाची भीती गेली की मुलं बिघडतील, असं म्हणतात. हा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण मुलांचं वळण ही माझीही काळजी आहे. म्हणून दोन प्रसंग सांगतो.

शिक्षक म्हणून पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर एका पायरीत चिन्ह चुकवलं. वजाचं अधिक झालं. उदाहरणाची पुढची सगळी मांडणी चुकली. वर्ग मुकाट्याने उतरवून घेत राहिला. फिरता फिरता तिसऱ्या बाकावरच्या मुलीची वही दिसली. तिने बरोबर चिन्ह घातलं होतं आणि बरोबर उत्तर काढलं होतं. विचारलं, "बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही सर आहात ना." कारखान्यात ड्रॉइंगमधली चूक दिसूनही ऑपरेटर गप्प बसला असता, तर हजारो नग भंगारात गेले असते. इथे एक मुलगी खरं उत्तर वहीत लपवून बसली होती, कारण मोठ्यांची चूक दाखवणं म्हणजे उद्धटपणा, हा संस्कार तिला लहानपणापासून मिळाला होता. मी तिला फळ्यावर बोलावलं, खडू दिला आणि वर्गासमोर तिचे आभार मानले. आज माझ्या वर्गात चूक दाखवणाऱ्याचा हात आधी वर जातो. मलाही आणि एकमेकांनाही. चुकलं तर "चुकलं" म्हणायला लाज वाटत नाही. खरं बोलण्याचा याहून मोठा संस्कार मला ठाऊक नाही.

दुसरा प्रसंग सरस्वतीपूजनाचा. सभागृहात पाटी मांडलेली, फुलं, उदबत्त्या, सगळी शाळा रांगेत. एक मुलगी बाहेर व्हरांड्यात, चपलांच्या ढिगापाशी उभी होती. मैत्रिणीकडून कळलं की तिला "चालणार नव्हतं". विद्येच्या देवतेची पूजा चालू होती आणि वर्गातली सगळ्यात तल्लख मुलगी शरीराच्या एका नैसर्गिक गोष्टीसाठी दाराबाहेर होती. आत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. त्या दिवशी मला त्याहून अधिक काही सुचलं नाही. पण संस्कारांची गोष्ट निघाली की मला तो चपलांचा ढीग आठवतो. मुलीला आपल्याच शरीराची लाज वाटायला लावणारी गोष्ट संस्कार या नावाला पात्र नाही.

नीतीला नास्तिकपणा मारक आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र वाचावं. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या सोडून तुटपुंज्या वेतनावर शिकवण्याचं व्रत घेतलेला, दम्याने खंगत १८९५ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेलेला हा माणूस देव मानत नव्हता. त्याच्याइतका स्वच्छ शिक्षक मिळाला, तर कोणतीही शाळा धन्य होईल.

चौथा मुद्दा नेहमी आवाज चढवून मांडला जातो: तुम्ही एकाच धर्माबद्दल बोलता. माझ्या वर्गात दंडाला ताईत बांधलेला मुलगा आहे. मंतरलेलं तेल लावून ताप उतरेल, म्हणून चार दिवस दवाखान्यात न नेलेली मुलगीही होती. ती कोणत्या घरची, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण ताप धर्म पाहत नाही. माझा प्रश्न सगळ्यांना एकच असतो: हे कशावरून? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही कोणत्या एका धर्माचं नाव नाही. ज्यांच्या सततच्या पाठपुराव्याने तो झाला, त्या नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या घातल्या गेल्या. प्रश्न विचारण्याची किंमत या राज्यात कुणीतरी प्राणांनी मोजली आहे. त्यानंतरही शिक्षकांनी "जरा सांभाळून" असायचं असेल, तर ती किंमत वाया गेली असं म्हणावं लागेल.

राज्यघटनाही याबाबत मौन बाळगत नाही. वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हे कलम ५१अ प्रमाणे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. १९७६ पासून ते घटनेत लिहिलेलं आहे. कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही पूजेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल, तर पालकांची संमती लागते. त्या चिठ्ठीवाल्या पालकांचा हक्क हे कलम जितका जपतं, तितकाच पलीकडच्या बाकावरच्या बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती किंवा काहीच न मानणाऱ्या मुलाचा जपतं. सभागृहात सगळी शाळा रांगेत उभी करताना किती घरांची संमती आपण विचारतो?

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो, आणि तो चिठ्ठीच्या मुळाशी आहे. शिक्षकाच्या शब्दाला वर्गात फार वजन असतं. मूल त्याच्याशी बरोबरीने वाद घालू शकत नाही. त्या वजनाचा उपयोग करून मी मुलाच्या मनातला देव काढून घेतला, तर ती जबरदस्तीच होईल, जशी देव लादणं ही जबरदस्ती आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून वर्गात देव आहे की नाही, यावर मी कधीच निकाल देत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, हे तुझं तू ठरव, सावकाश ठरव. आषाढात वारीला जाणाऱ्या मुलाची हजेरी घेताना मी त्याला वारीच्या गोष्टी विचारतो. परीक्षेच्या दिवशी घरून आजीच्या पाया पडून, देवाला नमस्कार करून आलेल्या मुलाला मी कपाळावरचा अंगारा पुसायला सांगत नाही. तो त्याचा आधार आहे. पण "शनीमुळे गणित जाणार" ही गोष्ट वेगळी आहे. ती आधार देत नाही, काढून घेते. तिच्यापायी एक हुशार मुलगा पेन खाली ठेवून बसला होता. तिथे गप्प राहिलो असतो, तर मी शिक्षक म्हणून नापास झालो असतो. आणि तिथेही मी त्याला उत्तर दिलं नाही. आकडे दिले. बाकं त्याने मोजली.

म्हणून त्या पालकांना, आणि त्यांच्यासारखं वाटणाऱ्या सगळ्यांना, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरच्या देव्हाऱ्याशी माझं काही वैर नाही. तुमच्या मुलाला मोजायला, तपासायला आणि "कशावरून?" विचारायला शिकवणं हे माझं काम आहे, आणि ते मी सोडणार नाही. दहावीचा गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच असतो. मुख्याध्यापकांची परवानगी मी घेऊन ठेवली आहे. या, शेवटच्या बाकावर बसा. माझ्या मांडणीत कुठे चूक दिसली तर हात वर करा. खडू तुमच्या हातात देईन.